सहा वाजले, नवरंग बोलला!

खंडाळा म्हटलं की बाहेरगावची माणसं हमखास विचारतात, "लोणावळ्याजवळचं का?" नाही, ते वेगळं! हे सातारा जिल्ह्यातलं. पुण्याहून साताऱ्याला निघालात, शिरवळ मागे पडलं, आणि गाडी खंबाटकी घाट चढायच्या आधी जे गाव लागतं ते.

जून महिना आहे असं समजा. दोन-चार सरी पडून गेल्यात. संध्याकाळची वेळ, आभाळ भरलेलं. घाटावर ट्रक घरघरत चढतायत. आणि तेवढ्यात खालच्या झाडीतून कुणीतरी शीळ घालतं : "व्हीऽऽट्-ट्यू!" फक्त दोनच सूर, पण काय खणखणीत! तुम्ही थबकता. पुन्हा तेच : "व्हीऽऽट्-ट्यू!" मग ओढ्यापलीकडून दुसरा कुणीतरी त्याला उत्तर देतो.

घड्याळ बघा बरं. सहाच्या आसपासच काटा असेल. तामिळ भाषेत या पाखराचं नावच मुळी 'आरु मणि कुरुवि' आहे. आरु म्हणजे सहा, मणि म्हणजे वाजले, कुरुवि म्हणजे पाखरू. सहा वाजताचं पाखरू! सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी दिवेलागणीला हा हटकून बोलतो. ढगाळ दिवस असेल तर मधे दुपारीही बोलतो.

आपण मराठीत त्याला म्हणतो नवरंग. आता नऊ रंग खरंच भरतात का? चला, मोजू या. पाठ हिरवीगार. डोकं पिवळसर तपकिरी, त्याच्या मधोमध भांग पाडावा तसा काळा पट्टा. डोळ्यातून मानेपर्यंत गेलेला दुसरा काळा पट्टा, एखाद्या बहुरूप्यानं काजळ ओढावं तसा. त्याच्यावर पांढरी भुवई. गळा पांढरा. पोट बदामी. खांद्यावर आणि शेपटीच्या मुळाशी झगझगीत आकाशी निळा. शेपटीच्या खाली कुंकवासारखा लाल. पाय गुलाबी. किती झाले? कुणाचे सात भरतात, कुणाचे आठ, कुणी पिवळसर आणि बदामी वेगळे धरून पुढे जातं. माझ्या मते नऊचा हट्ट धरू नये. ज्यानं हे नाव ठेवलं त्याला मोजता मोजता दम लागला असणार, एवढं मात्र नक्की!

या सगळ्यांत तो निळा मला फार आवडतो. कारण तो रंग तिथे 'नसतोच'! पक्ष्यांच्या निळ्या पिसांत निळा रंग भरलेला नसतो. पिसाच्या आत इतकी बारीक रचना असते की उजेड तिच्यावर पडला की त्यातला निळा तेवढा आपल्याकडे परततो. साबणाच्या फुग्यात आपण कुठे रंग घालतो? तरी तो रंगीत दिसतोच ना? तशातलीच ही गंमत. निळं पीस कुटून त्याची भुकटी केली, तर रचना मोडते आणि निळा गायब!

आता मोठं कोडं. इतका रंगीबेरंगी पक्षी, तरी तो दिसत का नाही? शीळ ऐकू येते, आपण माना वर करकरून फांद्या शोधतो, मान दुखून येते. अहो, बरेचदा तो वर नसतोच, खाली जमिनीवर असतो! दिवसभर झाडांखालच्या पाचोळ्यात टुणटुण उड्या मारत फिरतो. चोचीनं एकेक पान उलटवतो, बाजूला भिरकावतो आणि खालचा किडा नाहीतर गांडूळ उचलतो. सगळ्यात भडक रंग पोटाखाली लपवलेला, वरून बघणाऱ्या शिकऱ्याला मात्र हिरवी पाठच दिसणार. आणि डोक्यावरचे ते काळे-पांढरे पट्टे? पानांमधून झिरपणाऱ्या उन्हाच्या कवडशांत ते असे मिसळून जातात की डोकं कुठे आणि सावली कुठे, काही कळत नाही.

शेपूट पाहाल तर अगदी तोकडी. शेपटीच्या जागी कुणी ठिगळ लावलंय की काय, असं वाटावं! लिनियस नावाचा स्वीडनचा मोठा शास्त्रज्ञ होऊन गेला. त्यानं १७६६ साली या पक्ष्याचं शास्त्रीय नाव ठेवलं, त्याचा अर्थ होतो 'आखूड शेपटीचा कावळा'. कावळा! आपल्या नवरंगाला! पुढे शास्त्रज्ञांनी ती चूक सुधारली आणि त्याला 'पिट्टा' या कुळात घातलं. 'पिट्टा' हा शब्द आला आपल्या शेजारच्या तेलुगू भाषेतून. तेलुगूत 'पिट्ट' म्हणजे छोटं पाखरू.

आखूड शेपटीची श्रीलंकेत एक लोककथा सांगतात. म्हणे पूर्वी मोराचा तो देखणा पिसारा नवरंगाचाच होता. मोरानं तो लुबाडला, आणि तेव्हापासून नवरंग रोज तक्रार करत हिंडतो. ती शीळ म्हणजे त्याची फिर्याद!

पण श्रीलंकेच्या लोकांना आपला नवरंग कसा ठाऊक? कारण हिवाळ्यात तो तिकडेच असतो. पन्नास-साठ ग्रॅमचा जीव, तुमच्या कंपासपेटीपेक्षाही हलका. पाऊस सुरू व्हायच्या सुमारास तो आपल्याकडच्या डोंगररानांत येतो, आणि पाऊस ओसरला की दक्षिण भारताकडे, काही तर समुद्र ओलांडून थेट श्रीलंकेत. खंडाळ्यापासून श्रीलंका हजार किलोमीटरांहून जास्त लांब आहे. हे अंतर तो पंखांनी कापतो, आणि तेही रात्रीच्या अंधारात.

एवढी यातायात कशासाठी? पुन्हा तोच पाचोळा बघा. पावसाळ्यात तो ओला असतो, त्याच्याखाली किडे आणि गांडुळं वळवळत असतात. म्हणजे पिल्लांसाठी ताट वाढलेलं! म्हणून घरटं नेमकं पावसातच. काटक्या, मुळं, गवत आणि वाळकी पानं यांचा फुटबॉलएवढा गोळा, दार एका बाजूला. कधी जमिनीवर, कधी झाडाच्या खालच्या फांदीवर. लांबून पाहिलं तर पाण्याच्या लोंढ्यानं अडकलेला कचराच वाटेल. आत चार-पाच चकचकीत पांढरी अंडी, त्यांच्यावर जांभळट ठिपके. नर-मादी दिसायला सारखेच, आणि घरटं बांधणं, अंडी उबवणं, पिल्लांना भरवणं ही कामंही दोघांनी मिळून करायची. हिवाळ्यात मात्र आपली पानगळीची रानं सुकतात, पाचोळा पापडासारखा कडकडीत होतो. खाऊ संपला. मग दक्षिणेला, जिथे परतीचा पाऊस पडून जमीन ओली असते, तिकडे मुक्काम.

या रात्रीच्या प्रवासात घोटाळेही होतात. मे-जूनमध्ये येताना किंवा ऑक्टोबरच्या सुमारास जाताना एखादा दमलेला नवरंग दिव्यांना भुलून गावात उतरतो. काचेवर आपटतो. सकाळी कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या जिन्यात अंग फुलवून बसलेला सापडतो. घरच्यांना वाटतं, कुणाच्या पिंजऱ्यातला परदेशी पक्षी सुटलाय!

तुमच्या ओट्यावर असा पाहुणा आला, तर त्याला हातात घेऊन सगळ्या आळीत मिरवू नका. बुटांचं खोकं घ्या, त्याला चार भोकं पाडा, तळाला मऊ कापड घाला आणि त्याला आत ठेवून झाकण लावा. अंधार आणि शांतता हेच त्याचं औषध. चोच उघडून पाणी ओतायचं नाही हं, ते श्वासनळीत जातं. पंख लोंबत असेल, रक्त दिसत असेल, तर मोठ्यांना सांगून वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा. नुसताच दमलेला असेल तर तास-दोन तासांत आतून खडबड ऐकू येईल. मग खोकं एखाद्या झुडपापाशी न्या, झाकण उघडा आणि चार पावलं मागे सरून गप्प उभे राहा.

आधी काळ्या पट्ट्यांचं डोकं वर येईल. मग एक उडी, मग दुसरी. आणि भुर्रकन उडाला की पाठीचा हिरवा कुठल्या कुठे जाईल आणि पंखावरचा एरवी झाकलेला पांढरा ठिपका लख्खकन चमकेल. मोजत होतो ना आपण मघाशी? तो पांढरा उडतानाच दिसतो.