मेक्सिकन भुंगा आणि कृषिदूत

पर्जन्यछायेत वसलेल्या बारामती व इंदापूर या तालुक्यांना १८८५ साली सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने जे पाणी दिले, त्यावर उसाबरोबर तणांचेही फावले; आणि १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आलेले, अमेरिका खंडातून आलेले गाजरगवत कालव्याच्या भरावांवर, गायरानांत आणि शेतांच्या बांधांवर कायमचे ठाण मांडून बसले. त्याच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते, परागाने दम्याचा त्रास बळावतो आणि एकेक झाड हजारो बिया टाकून जाते.

या उपऱ्याच्या बंदोबस्तासाठी १९८३ साली मेक्सिकोतून एक भुंगा बंगळूरास आणला गेला आणि तो इतर पिकांवर पोसला जात नाही अशी खातरजमा झाल्यावर पुढील वर्षी मोकळा सोडण्यात आला. पुढे तो सूर्यफुलावर आढळताच मोठे वादंग माजले. तेव्हा, गाजरगवताचा पराग त्या पानांवर पडल्यामुळे भुंगे तिकडे वळत होते, असा उलगडा संशोधकांनी केला.

ही कैफियत कृषी पदवीच्या विद्यार्थ्याला तोंडपाठ असावी लागते. शेवटच्या वर्षी 'कृषिदूत' वा 'कृषिकन्या' होऊन गावात राहण्याचा त्याचा काळ बहुधा पावसाळ्याचा, म्हणजे भुंगे जमिनीतून वर येण्याच्या हंगामाचा असतो. हातमोजे घालून पान उलटे केले असता खालच्या अंगाला पिवळसर अंडी दिसतात. अळ्या कोवळे शेंडे फस्त करतात आणि पूर्ण वाढल्यावर कोषासाठी मातीत उतरतात. फिकट पंखांवर तपकिरी रेघा मिरवणारा प्रौढ भुंगाही पानांवरच जगतो. म्हणून भुंगे सोडलेल्या जागी तणनाशक फवारू नये आणि मातीही उकरू नये, हे शेतकऱ्याला पटवणे हा या शिक्षणातला सर्वांत अवघड धडा होय.

परंतु बारामती-इंदापुरात भुंग्याचे पंचांग आणि कालव्याचे पंचांग जुळत नाही. पाऊस सरल्यावर बहुतेक भुंगे जमिनीत सुप्तावस्थेत जातात, आणि आवर्तनाच्या ओलीवर गाजरगवत मात्र पुन्हा तरारते. त्या महिन्यांत ते फुलोऱ्यापूर्वी मुळासकट उपटणे आणि पडीक जागी, पावसाच्या तोंडावर, टाकळ्याचे बी फेकणे, एवढीच तजवीज उरते. ही मर्यादा जो कृषिदूत गावाला आरंभीच सांगून ठेवतो, त्याच्या शब्दावर शेतकरी पुढच्या पावसाळ्यातही बांधावर भुंगे सोडू देतो.