पर्वतवासीयांचे आमाशयविकार आणि किनाऱ्यावरील वैद्य

मालगुंडसारख्या समुद्रकाठच्या गावी चिकित्सा करणाऱ्या वैद्याने पर्वतवासीयांच्या आमाशयविकारांचा विचार कशासाठी करावा, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आपला रुग्ण आनूप देशातला. दमट हवा, भात, मासळी, कोकम हे त्याचे सात्म्य. काश्यपसंहितेने तर अम्लपित्त प्रायः आनूप देशातच होते असे सांगून, औषधाने न शमल्यास देशांतराचा सल्ला दिला आहे. परंतु अम्लपित्त किनाऱ्यावर अधिक, म्हणून आमाशयाचे घोर विकारही येथेच अधिक, असे मात्र म्हणता येत नाही.

बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनी १९८२ साली ज्या जंतूची ओळख पटविली, तो हेलिकोबॅक्टर पायलोरी आमाशयव्रणास व अर्बुदासही कारण होतो, हे आता सर्वमान्य आहे. या शोधास २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कोलंबियाच्या नारिन्यो प्रांतातील निरीक्षण मात्र विलक्षण आहे. अँडीज पर्वतात सुमारे ३,००० मीटर उंचीवर तुकेरेस हे गाव आहे आणि त्याच प्रांताच्या किनाऱ्यावर तुमाको. दोन्हीकडे बहुसंख्य प्रौढांच्या आमाशयात हा जंतू आढळतो; तरीही आमाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण पर्वतावर सुमारे पंचवीसपट आहे!

जंतू तोच, मग व्याधीत एवढे अंतर का? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने जंतूचा वंश व माणसाचा वंश यांच्या विजोडपणाकडे बोट दाखविले. पर्वतावरील मूळ रहिवाशांच्या वंशजांत युरोपातून आलेला जंतुवंश रुजला. किनाऱ्यावरील आफ्रिकी वंशाच्या लोकांत जंतूही बराचसा आफ्रिकी मूळचा होता. बीज आणि क्षेत्र यांचा विचार करणाऱ्या आपल्या शास्त्रास ही भाषा परकी वाटू नये. किनाऱ्यावरील आंत्रकृमींमुळे दाह सौम्य राहत असावा, असेही एक मत आहे. (म्हणून जंतांचे औषध देणे कोणी थांबवू नये!)

आहाराचा वाटाही मोठा. चरकाचार्यांनी विमानस्थानात पिप्पली, क्षार व लवण यांचा अतियोग निषिद्ध मानला आहे आणि दुधातही मीठ घालून खाणाऱ्या बाह्लीक, सौराष्ट्र, सैंधव, सौवीर या लोकांचे उदाहरण दिले आहे. लडाखात मीठ व लोणी घातलेला चहा दिवसभर पितात, हे येथे आठवते. अतिलवण आहार आमाशयाच्या अंतस्त्वचेस क्षीण करून जंतूचे काम सोपे करतो. सुकी मासळी, खारातल्या कैऱ्या, मीठ घातलेले कोकमाचे आगळ हे आपलेही लवणच आहे. पथ्य सांगताना आपण तिखट वर्ज्य करतो आणि खारे विसरतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

उंचीवर आणखी एक धोका असतो. तिबेट रेल्वेच्या बांधकामातील मजुरांमध्ये पचनमार्गातून रक्तस्राव झाल्याची नोंद २००७ साली प्रसिद्ध झाली. मद्य, ॲस्पिरिन व डेक्सामेथासोन यांचा संबंध त्यात दिसून आला. लेहहून सुट्टीवर आलेला जवान किंवा तेथे सहलीस निघालेले कुटुंब आपल्या गावातही भेटते. त्यांना वेदनाशामक गोळ्यांविषयी सावध करणे हे औषधविक्रेत्याच्या हातचे काम आहे.

महिन्यात तिसऱ्यांदा अविपत्तिकर चूर्ण वा सूतशेखर मागणाऱ्यास नुसती पुडी बांधून देऊ नये. वजन घटले काय, गिळताना अडते काय, उलटीत रक्त पडते काय, मल डांबरासारखा काळा होतो काय, हे विचारावे. यांतील एक जरी लक्षण असले तरी विनाविलंब दुर्बिणीच्या तपासणीस पाठवावे. मंडूर वा लोहकल्प चालू असतानाही मल काळा होतो, तेव्हा तेही विचारावे. मात्र डांबरासारखा चिकट, दुर्गंधी मल लोहाचा समजून सोडू नये. सूतशेखराने दाह शमला म्हणजे जंतू गेला असेही नव्हे. त्यासाठी श्वासाची वा मलाची चाचणी लागते, आणि ओमेप्राझोलसारख्या गोळ्या चाचणीपूर्वी दोन आठवडे बंद नसतील तर जंतू असूनही चाचणी नकारार्थी येऊ शकते.