प्रौढांची दहावी: परीक्षा आहे, सोबत नाही

पूर्व दिल्लीतील एका वस्तीत दोन खोल्यांची एक अभ्यासिका आहे. गेली काही वर्षे दर शनिवारी दुपारी मी तिथे हिंदी आणि सामाजिक शास्त्र शिकवतो. समोर बसणारे विशीपासून पन्नाशीपर्यंतच्या वयाचे असतात. त्यांच्यापैकी एक बाई अंगणवाडीत सहायिका आहेत. बारा वर्षे त्या मुलांना खाऊ वाढतात, त्यांची वजने घेतात आणि सेविका रजेवर असली की नोंदवहीही भरतात. सेविकेची जागा रिकामी झाली तेव्हा त्यांचा अर्ज पहिल्याच चाळणीत बाद झाला, कारण अर्जात दहावीचा रकाना होता आणि त्यांचे शिक्षण आठवीपर्यंतच झाले होते. ‘‘मास्टरजी, या वयात मला कोणती शाळा घेईल?’’ त्यांनी विचारले. शाळेत जावे लागणार नाही, फक्त परीक्षा द्यावी लागेल, असे मी सांगितले. त्यांना दिलासा मिळेल, ही माझी अपेक्षा होती. पण चेहऱ्यावर भीती उमटली. ती भीती रास्त होती, हे कळायला मला वर्षभर लागले.

आपल्या देशात दहावीचे प्रमाणपत्र हा केवळ शिक्षणाचा पुरावा राहिलेला नाही. अनेक ठिकाणी ते प्रवेशपत्र झाले आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगाराच्या पारपत्रावर सर्वसाधारणपणे ‘स्थलांतर तपासणी आवश्यक’ हा दर्जा असतो आणि आखाती देशांसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना त्याला सरकारी मंजुरी घ्यावी लागते. नियमाचा हेतू संरक्षणाचा आहे, पण ज्याला संरक्षण हवे तोच त्यामुळे दलालाच्या दारात उभा राहतो, असेही घडते. हरियाणाने २०१५ मध्ये पंचायत निवडणूक लढवण्यासाठीच शिक्षणाची अट घातली. सर्वसाधारण गटातील पुरुषांना दहावी, स्त्रिया व अनुसूचित जातींच्या उमेदवारांना आठवी आणि पंचपदासाठी उभ्या राहणाऱ्या अनुसूचित जातीच्या स्त्रीला पाचवी उत्तीर्ण असणे सक्तीचे झाले. ‘राजबाला विरुद्ध हरियाणा राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ही अट वैध ठरवली. राजस्थानने अशीच अट आणली होती. ती २०१९ मध्ये रद्द झाली. व्यावसायिक वाहनचालकांसाठी असलेली आठवीची अटही केंद्राने त्याच वर्षी काढून टाकली.

अटी योग्य की अयोग्य, हा वाद स्वतंत्र आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. शिक्षणाचा मूलभूत हक्क सहा ते चौदा या वयोगटापुरता आहे आणि तो देणारा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. त्याआधीच ज्यांची शाळा सुटली, त्यांना राज्यसंस्था प्रमाणपत्र मागते; पण ते मिळवण्याचा कोणता हक्क त्यांना देते?

हक्क नसला तरी वाट आहे आणि ती कागदावर चांगली आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने १९७९ मध्ये मुक्त शाळेचा प्रकल्प सुरू केला. त्यातून १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय ही स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि पुढल्याच वर्षी तिला परीक्षा घेण्याचा व प्रमाणपत्र देण्याचा अधिकार मिळाला. आज ती ‘राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था’ म्हणून ओळखली जाते. इथे दहावीसाठी किमान वय १४ आहे, कमाल वयाची मर्यादा नाही. पूर्वीच्या शाळेचा दाखला हरवला असेल, तर अभ्यासक्रम झेपेल असे स्वतःचे प्रतिज्ञापत्र चालते. पाच विषय घ्यायचे, त्यांपैकी निदान एक भाषा. बाकीच्यांत गृहविज्ञान, चित्रकला असेही पर्याय आहेत. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि उत्तीर्ण झालेल्या विषयाचे गुण जमा राहतात. ‘मागणीनुसार परीक्षा’ या सोयीत तर उमेदवार आपली तयारी पाहून तारीख निवडतो आणि प्रश्नपेढीतून त्याची प्रश्नपत्रिका तयार होते.

ज्याला संसार, मजुरी आणि आजारपण यांच्यामधून वेळ काढायचा आहे, त्याच्यासाठी ही रचना शहाणपणाची आहे. नियमित शाळेत एका विषयात नापास झालेला मुलगा ‘नापास’ ठरतो. इथे चार विषयांत उत्तीर्ण झालेल्या बाईचा एकच विषय ‘राहिलेला’ असतो. हा फरक केवळ शब्दांचा नाही.

तरीही माझ्या विद्यार्थिनीची वाट अडखळली, कुठे ते सांगतो. अर्ज ऑनलाइन भरायचा होता आणि घरातला एकमेव मोबाइल मुलाबरोबर कामावर जात असे. आधार कार्डावरील नाव आणि गावच्या शाळेतील नाव यांत एका अक्षराचा फरक होता. तो दुरुस्त करण्यात सहा आठवडे गेले. एका सायबर कॅफेवाल्याने ‘पास करून देतो’ म्हणत दोन हजार रुपये मागितले. पहिल्या परीक्षेत त्या हिंदी आणि गृहविज्ञान या विषयांत उत्तीर्ण झाल्या. सामाजिक शास्त्रात, म्हणजे माझ्याच विषयात, त्या नापास झाल्या.

मी चकित झालो, कारण वर्गात सर्वांत नेमकी उत्तरे त्यांचीच असत. पंचायतीचे अधिकार असोत की शिधावाटप, त्या बोलू लागल्या की बाकीचे ऐकत. उत्तरे कशी लिहिली, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले, ‘‘दुसऱ्या पानापर्यंत हात भरून आला. पुढचे सगळे येत होते, पण लिहून झाले नाही.’’ वर्षभर मी त्यांच्याशी बोललो होतो, त्यांना एकदाही सलग तीन तास लिहायला बसवले नव्हते. त्यांची पहिली भीती नेमकी हीच होती आणि मी ती संकोच समजून बाजूला सारली होती.

मुक्त शिक्षणाने प्रौढ माणसाला वेळेचे स्वातंत्र्य दिले, पण त्या वेळात सोबत कोण करणार, हे मात्र नीट ठरवले नाही. अभ्यासकेंद्रे आहेत, संपर्कवर्गही असतात. पण त्यांची वेळ बहुधा कामाच्या वेळेशी टक्कर घेते. मग सोबतीची जागा खासगी शिकवणी तरी घेते, नाहीतर दलाल.

हे असेच व्हायला हवे असे नाही. केरळ एप्रिल १९९१ मध्ये संपूर्ण साक्षर राज्य म्हणून जाहीर झाले, पण तिथले काम साक्षरतेवर थांबले नाही. राज्याच्या साक्षरता अभियानाने चौथी, सातवी, दहावी आणि उच्च माध्यमिक असे समकक्ष अभ्यासक्रम रचले. दहावीचे वर्ग सुटीच्या दिवशी भरतात. परीक्षा घेणारी यंत्रणा शालान्त परीक्षा घेणारीच असते, त्यामुळे प्रमाणपत्राकडे कोणी सहज बोट दाखवू शकत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पातळीवर ‘प्रेरक’ असतो. तो नाव नोंदवतो, पाठपुरावा करतो, गळालेल्याला परत आणतो. कोल्लमच्या भागीरथी अम्मांनी वयाच्या १०५व्या वर्षी चौथीची समकक्ष परीक्षा दिली, याचे देशभर कौतुक झाले आणि त्यांना नारीशक्ती पुरस्कारही मिळाला. त्यांच्या जिद्दीइतकेच श्रेय त्यांच्या दारापर्यंत पोहोचणाऱ्या यंत्रणेचेही आहे. मानधन आणि नोकरीची शाश्वती यांबाबत या प्रेरकांच्या तक्रारी आहेत. पण पद आहे म्हणून तक्रार तरी आहे.

केंद्राचा २०२२ ते २०२७ या काळासाठीचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजे ‘उल्लास’, १५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे. त्याच्या पाच घटकांत पायाभूत साक्षरतेबरोबर माध्यमिक स्तरापर्यंतचे समकक्ष शिक्षणही लिहिलेले आहे. पण तो मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर चालतो आणि त्याचे ठळक उद्दिष्ट पाच कोटी जणांना पायाभूत साक्षर करण्याचे आहे. अक्षरओळख स्वयंसेवक करून देईल. पाच विषयांची तयारी दोन-तीन वर्षे करून घ्यायला पगारी माणूस लागतो. प्रत्येक प्रभागात आणि ग्रामपंचायतीत असा एक माणूस, संध्याकाळी उघडी राहणारी एक सरकारी शाळा आणि जवळचे परीक्षाकेंद्र, एवढी मागणी अवास्तव नाही. जिथे राज्य दहावीची अट घालते, तिथे आधीपासून सेवेत असलेल्यांना ती पूर्ण करण्यासाठी मुदत आणि परीक्षेची भरपगारी रजा देणेही त्याच न्यायाचा भाग आहे.

माझ्या विद्यार्थिनी तिसऱ्या संधीत पाचवा विषय उत्तीर्ण झाल्या. तोवर सेविकेच्या त्या जागेवर दुसरी नेमणूक झाली होती. पुढच्या जाहिरातीची त्या वाट पाहत आहेत. दरम्यान त्यांनी बारावीसाठी नाव नोंदवले आहे. शनिवारी त्या अर्धा तास आधी येतात, नव्या मंडळींना कोऱ्या वह्या देतात आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून लिहायला बसवतात. हे काम त्यांना कोणी नेमून दिलेले नाही आणि त्याचा त्यांना एक रुपयाही मिळत नाही.