ऑल्डरशॉट : छावणी आधी, शहर नंतर

इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यातलं ऑल्डरशॉट 1851 पर्यंत हजारभर वस्तीचंही नव्हतं. 1854 मध्ये लष्कराने शेजारच्या माळावर तळ ठोकला आणि गावाचं नशीबच पालटलं. तरणे शिपाई, पगार खिशात आणि संध्याकाळ मोकळी. मग काय, पबवर पब उघडले!

दारूपायी पोरं वाया जातात म्हणून लुईसा डॅनियल या बाईंनी 1863 मध्ये इथे सोल्जर्स होम काढलं. तिथे चहा, वाचनाची खोली, प्रार्थना. माझ्या मते ही बाई पुतळ्याला लायक. पण इथला भव्य पुतळा आहे घोड्यावरच्या सेनापती वेलिंग्टनचा, तोही लंडनला नकोसा झाला म्हणून 1885 मध्ये इकडे पाठवलेला.

पबची शिस्त मात्र बघण्यासारखी. काउंटरवर जायचं, बिअरचा पाइंट सांगायचा, पैसे तिथल्या तिथे चुकते करायचे. चौघे असले तर प्रत्येकाने पाळीपाळीने सगळ्यांना पाजायचं. स्वतःची पाळी चुकवणारा कायमचा बदनाम. बंद व्हायच्या आधी घंटा वाजते, ती शेवटच्या ऑर्डरची. पहिल्या महायुद्धात आलेली दुपारची सक्तीची बंदी थेट 1988 मध्ये उठली, म्हणजे तोवर दुपारी घसा कोरडाच!

एकेकाळी इथे असलेली पॅराशूट रेजिमेंट आता मुख्यतः कोलचेस्टरला असते. माजी गुरखा सैनिकांची कुटुंबं मात्र इथे मोठ्या संख्येने स्थायिक झाली आहेत. त्यामुळे पाइंटच्या गावात मोमोही सहज मिळतात, आणि भटकंतीनंतर माझी पहिली पसंती त्यांनाच.