अंथरूण, टॉवेल आणि आरोग्य : काय किती दिवसांनी धुवावे?



स्मरणिकेत लिहायचे म्हणजे धम्म, इतिहास किंवा चळवळ यांवर लिहावे अशी अपेक्षा असते. मी मात्र अगदी घरगुती विषय निवडला आहे. अंथरूण-पांघरूण आणि अंग पुसण्याचे टॉवेल किती दिवसांनी धुवावेत, हा तो विषय. काहींना तो किरकोळ वाटेल. परंतु या किरकोळ गोष्टीकडे दुर्लक्ष केल्याची किंमत माझ्या घराने एकदा मोजली आहे, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करीत आहे.

लपवलेली खरूज

साधारण २००० सालच्या सुमारास मी वसतिगृहात राहून बी. ए. करीत होतो. एका खोलीत आम्ही आठ मुले आणि दोरीवर तीन टॉवेल. ज्याच्या हाताला जो लागेल तो त्याचा. चादर धुवायची ती सुट्टीत घरी गेल्यावर, तीही आईने. त्या पावसाळ्यात माझ्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुरू झाली. रात्री ती फार वाढे. ही खरूज आहे हे मला कळत होते, पण मी कोणाजवळ बोललो नाही. "हे लोक घाणेरडे असतात" हे वाक्य लहानपणापासून कानांवर पडलेले होते. ते आपणच खरे करून कशाला दाखवायचे, असे मनात येई.

तशीच खरूज अंगावर घेऊन मी दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो आणि धाकट्या भावाबरोबर एकाच गोधडीत झोपलो. परत आल्यावर महिन्याभराने घरून निरोप आला, आजीपासून भावापर्यंत सगळे रात्र रात्र खाजवत बसतात. आजी तेव्हा सत्तरीची होती. खाजवून तिच्या हातांना जखमा झाल्या आणि त्या चिघळल्या. मी घरी पोहोचलो तेव्हा आईने एवढेच विचारले, "अरे, आधी का नाही बोललास?"

दवाखान्यातील डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले. खरूज हा कातडीत शिरणाऱ्या एका अतिसूक्ष्म किड्यामुळे होणारा रोग आहे. तो जात, धर्म, पगार काहीच पाहत नाही. पहिल्यांदाच लागण झाली असेल तर खाज सुटायला महिना-दीड महिनाही लागतो. म्हणजे ज्याला खाज नाही त्याच्याही अंगावर किडा असू शकतो. म्हणून घरातील सर्वांनी एकाच दिवशी औषध लावायचे, आणि मागच्या तीन-चार दिवसांत वापरलेले सगळे कपडे, चादरी व टॉवेल त्याच दिवशी गरम पाण्यात धुवायचे. एकाने आज आणि दुसऱ्याने आठवड्याने औषध लावले, तर रोग घरातल्या घरात फिरत राहतो.

आम्ही तसे केले आणि खरूज गेली. आजीच्या जखमा भरायला मात्र दोन महिने लागले. लाज मी बाळगली आणि तिची किंमत आजीने दिली.

शुद्धता वेगळी, स्वच्छता वेगळी

ही लाज आली कोठून? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी ते तळे "शुद्ध" करण्यासाठी शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या १०८ घागरी त्यात ओतल्या. प्यायच्या पाण्यात शेण कालवायचे आणि त्याला शुद्धी म्हणायचे! सोवळ्याचेही तसेच. रेशमी कद रोज न धुताही पूजेला चाले. पण नुकतेच धुऊन वाळत घातलेले धोतर आपल्यापैकी कोणाचा हात लागला की ओवळे होई. आधी पाणी नाकारायचे आणि मग धूत नाहीत म्हणून नावे ठेवायची, असा हा न्याय होता.

शुद्धता ही जन्मावर बेतलेली कल्पना आहे. स्वच्छता ही पाणी, साबण, ऊन आणि माहिती यांनी साधणारी गोष्ट आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित वर्ग महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छ राहायला सांगितले. त्याच भाषणात मुलांना शिकवा आणि त्यांच्या मनातील न्यूनगंड काढून टाका, असेही सांगितले. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आपण स्वच्छ राहायचे ते कोणाला दाखवण्यासाठी नाही, आपल्या आरोग्यासाठी. आणि कधी खरूज-नायटा झालाच तर त्यात लाजण्यासारखे काही नाही, उपचार करायचे.

डोळ्यांवर विसंबू नये

बहुतेक घरांत चादर मळकी दिसली किंवा टॉवेलला वास आला की धुण्यात जातो. ही कसोटी चुकीची आहे. आपल्या कातडीचा वरचा थर सतत झडत असतो. झोपेत घाम येतो, केसांचे तेल अभ्र्याला लागते. झडलेल्या कातडीवर धुळीतले अतिसूक्ष्म किडे जगतात आणि त्यांची विष्ठा दम्याच्या व सर्दीच्या रोग्यांना त्रास देते. यातले काहीच डोळ्यांना दिसत नाही. रंगीत, फुलाफुलांची चादर तर महिनाभर वापरली तरी मळकी दिसत नाही.

टॉवेलचे प्रकरण अधिक नाजूक आहे. चादर निदान कोरडी असते. टॉवेल रोज ओला होतो आणि ओल मिळाली की जंतू व बुरशी वाढतात. कुबट वास येतो तो त्यांच्यामुळेच. वास येईपर्यंत आपण त्याच टॉवेलाने चार-सहा वेळा अंग पुसलेले असते. म्हणून धुण्याचा क्रम लावायचा तर टॉवेल आधी, अभ्रा त्यानंतर, चादर त्यानंतर आणि गोधडी शेवटी, असा लावावा.

गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात गजकर्ण-नायट्याने फार डोके वर काढले आहे. दुकानातून कोणतेही मिश्र मलम आणून लावले की चार दिवस बरे वाटते आणि मग नायटा दुप्पट पसरतो, कारण अशा अनेक मलमांत स्टिरॉइड असते. औषध डॉक्टरांकडूनच घ्यावे. आणि औषध चालू असताना टॉवेल व आतले कपडे वेगळे ठेवले नाहीत, तर तो पुन्हा होण्याची किंवा घरात पसरण्याची भीती राहते. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ पसरली होती. तेव्हाही एकाने तोंड पुसलेला टॉवेल दुसऱ्याने वापरू नये हाच पहिला सल्ला होता.

काय किती दिवसांनी?

आता मूळ प्रश्नाचे उत्तर. निरोगी माणसांच्या घरासाठी पुढील वेळापत्रक पुरेसे आहे.

अंग पुसण्याचा टॉवेल किंवा पंचा : तीन-चार वेळा वापरला की धुवावा, म्हणजे आठवड्यातून दोनदा. पावसाळ्यात तो वाळत नसेल तर एक दिवसाआड. जाड टॉवेलपेक्षा पातळ पंचा लवकर वाळतो, लवकर धुतला जातो आणि स्वस्तही पडतो.

हात पुसण्याचा नॅपकिन : एक-दोन दिवसांनी, कारण त्याला सर्वांचे हात लागतात.

स्वयंपाकघरातील फडकी : रोज. ओटा पुसण्याचे आणि भांडी पुसण्याचे फडके वेगळे असावे.

उशीचा अभ्रा : आठवड्यातून एकदा. केसांना रोज तेल लावणाऱ्यांनी आणि तोंडावर मुरमे येणाऱ्या मुलामुलींनी दोनदा.

चादर : आठवड्यातून एकदा. पाण्याची फारच टंचाई असेल तर पंधरा दिवसांवर जाऊ देऊ नये.

पांघरायची सोलापुरी चादर : दोन-तीन आठवड्यांनी.

गोधडी, वाकळ, रजई : दर पंधरा दिवसांनी ऊन दाखवावे आणि तीन-चार महिन्यांनी धुवावे. गादी व उशा महिन्यातून एकदा उलटसुलट करून कडक उन्हात टाकाव्यात आणि झटकाव्यात.

मोठ्या धुण्यासाठी वर्षातले दोन दिवस आपल्याला सहज लक्षात राहतील. वैशाख पौर्णिमेच्या आसपास कडक ऊन असते. पाऊस सुरू होण्यापूर्वी सगळ्या गोधड्या तेव्हा धुऊन घ्याव्यात. दुसरे धुणे वर्षावास संपत येतो तेव्हा, ऑक्टोबरच्या उन्हात. आपल्या खेड्यापाड्यांतून घटस्थापनेपूर्वी घरातील सगळे अंथरूण नदीवर नेऊन धुण्याची पद्धत आहे. तिच्यातील कर्मकांड सोडून दिले तरी मागचे शहाणपण खरे आहे. चार महिन्यांच्या ओलीनंतर अंथरूण धुऊन उन्हात टाकलेच पाहिजे. आपण ते धम्मचक्र प्रवर्तन दिनापूर्वी करावे.

गरम पाणी आणि ऊन

रोजच्या धुण्याला साधे पाणी व साबण चालतो. धुळीतले किडे थंड पाण्यात मरत नाहीत, पण त्यांची घाण बरीचशी निघून जाते. घरात खरूज, नायटा, ढेकूण किंवा दमा असेल तेव्हा मात्र साधारण ६० अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी हवे. तापमापक नसला तरी हरकत नाही. एक तांब्या उकळते पाणी आणि एक तांब्या नळाचे पाणी एकत्र केले की जवळपास तेवढे तापमान होते. त्यात कपडे वीस मिनिटे बुडवून ठेवावेत. हात घालू नये, काठीने हलवावेत आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये. जंतुनाशकाचे चार थेंब टाकले म्हणजे धुणे झाले, असे मात्र समजू नये.

जी वस्तू गरम पाण्यात धुता येत नाही ती खरजेच्या वेळी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवावी. माणसाच्या अंगापासून दूर खरजेचा किडा सहसा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. खरूज मुख्यतः अंगाला अंग लागून पसरते. नुसती चादर धुऊन ती जाणार नाही. औषध आणि धुणे दोन्ही हवेत.

वाळवणे हा धुण्याचाच अर्धा भाग आहे. चांगला धुतलेला टॉवेल मोरीतल्या खिळ्यावर घडी करून टांगला तर सगळे श्रम वाया जातात. दोरीवर तो पूर्ण पसरावा. पावसाळ्यात पंख्याखाली वाळवून वर इस्त्री फिरवावी.

पाण्याचे काय, असे काही भगिनी विचारतील. ज्या वस्तीत नळाला तासभरच पाणी येते तेथे पाच चादरी एकदम धुणे शक्य नाही, हे मलाही ठाऊक आहे. आमच्या घरी पाच माणसे आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज एकाची चादर धुण्यात असते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक वारासमोर नाव लिहिलेले आहे. एका चादरीला दोन बादल्या पाणी पुरते, आणि शेवटच्या खळबळण्याचे पाणी फरशी पुसायला व संडासात वापरता येते.

तथागतांनी धुतलेले चीवर

स्वच्छतेचा हा विचार आपल्याला परका नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्खूंच्या निवासाची व्यवस्था सांगितली आहे. त्यात मंच, बिछाना, अंथरूण बाहेर काढावे, ऊन दाखवावे, झटकावे आणि पुन्हा जागच्या जागी ठेवावे, इतके बारकावे आहेत.

धम्मपदाच्या अट्ठकथेतील पूतिगत्त तिस्स थेरांची कथा तर प्रत्येक घरात सांगावी अशी आहे. त्यांच्या सर्वांगाला फोड येऊन ते फुटले. चीवर रक्ताने-पुवाने माखले आणि सोबतच्या भिक्खूंनी त्यांना टाकून दिले. भगवान बुद्धांनी स्वतः चुलीवर पाणी ठेवले. त्यांचे वरचे चीवर गरम पाण्यात धुववून उन्हात वाळवले, त्यांना आंघोळ घातली, वाळलेले चीवर नेसवून मग दुसरे धुववले. उपदेश त्यानंतर केला. गरम पाणी, ऊन आणि कोरडे वस्त्र! आजचा डॉक्टर याहून वेगळे काय सांगतो? घरात कोणी अंथरुणाला खिळले असेल तर त्याची चादर रोज बदलावी आणि ओली झाली तर त्याच क्षणी. हीदेखील धम्माचरणाचीच बाब आहे.

धुणे कोणाचे?

शेवटी एक गोष्ट पुरुष बांधवांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी. वर दिलेले वेळापत्रक वाचून घरातील स्त्रीचे काम दुप्पट होणार असेल तर हा लेख न वाचलेला बरा. कथेत चुलीवर पाणी ठेवताना भगवंतांनी कोणाची वाट पाहिली नाही. दहा वर्षांवरील प्रत्येक मुलामुलीने आपला टॉवेल आपणच धुवावा. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याने दोन पंचे, दोन चादरी आणि दोन अभ्रे जवळ ठेवावेत, एक वापरात आणि एक धुण्यात. आपला पंचा मित्राला देऊ नये आणि त्याचा घेऊ नये. यात मैत्री उणी होत नाही. अंगाला खाज सुटली तर पहिल्याच दिवशी सांगावे. मी सांगितले नाही, आणि आजीचे ते हात अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

जयभीम!