हेलच्या वाड्यात

आइसलँडच्या स्नोरी स्टर्लुसनने १२२०च्या सुमारास नॉर्स पुराणकथा गद्यात उतरवल्या. त्यांत देवांचा प्रमुख ओडिन कपटी लोकीच्या मुलीला, हेलला, धुक्या-थंडीच्या निफ्लहाइममध्ये लोटतो आणि आजाराने किंवा म्हातारपणी मेलेल्यांचा कारभार तिच्याकडे सोपवतो. ती अर्धी काळीनिळी, अर्धी माणसाच्या रंगाची. तिच्या वाड्यातलं सामान अंगावर काटा आणतं: ताटाचं नाव ‘भूक’, सुरीचं ‘दुष्काळ’, अंथरुणाचं ‘आजारपण’.

इथे केवळ पापीच येतात असं नाही. देवांचा लाडका बाल्डरही मेल्यावर इथेच आला आणि मानाच्या आसनावर बसला.

त्याला सोडवायला त्याचा भाऊ हेर्मोड आठ पायांच्या स्लाइपनिर घोड्यावरून नऊ रात्री काळोख्या दऱ्या तुडवत गेला. ग्योल नदीवरच्या सोन्याने शाकारलेल्या पुलावर पहारेकरीण मोडगुडने त्याला हटकलं. आदल्या दिवशी मृतांच्या पाच टोळ्या पार झाल्या होत्या. हा एकटाच, तरी पूल तितकाच दणाणत होता, शिवाय चेहऱ्यावर मेल्याची कळा नव्हती. जिवंत माणूस ओळखण्याची ही खूण लाजवाब आहे.

बाल्डरला सोडण्यासाठी हेलने अट घातली: सृष्टीतल्या सगळ्यांनी त्याच्यासाठी रडावं. धातू-दगडही रडले. थोक या राक्षशिणीने मात्र साफ नकार दिला. तो वेष पालटलेला लोकीच असावा, असा समज स्नोरी नोंदवतो.