बोलीभेद आणि शब्दाचे श्रवण

बोलीभेदांचा विचार प्रायः वक्त्याच्या उच्चाराच्या अंगाने होतो. श्रोत्याचा वाटा दुर्लक्षित राहतो. वस्तुतः उच्चारलेला ध्वनी आणि कळलेला शब्द यांच्यामध्ये श्रोत्याच्या मेंदूचे कार्य असते, आणि ते त्याच्या भाषिक पूर्वानुभवाने घडलेले असते.

शब्द पूर्ण उच्चारला जाईपर्यंत मेंदू थांबत नाही. आरंभीच्या ध्वनींशी जुळणारे अनेक शब्द एकदमच जागृत होतात. पुढील ध्वनी व संदर्भ यांच्या आधारे त्यांतील बहुतेक गळून पडतात. अपरिचित ढब या निवडीत दोन प्रकारे अडथळा आणते. वऱ्हाडीत पुष्कळ शब्दांतील ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. ‘शाळा’ऐवजी ‘शाया’ ऐकणाऱ्या पुण्याच्या श्रोत्याला ओळखीचा शब्द चटकन सापडत नाही. ‘काळा’ऐवजी ‘काया’ ऐकताना शब्द सापडतो, परंतु तो ‘शरीर’ या अर्थाचा. तेथे निवाडा संदर्भच करतो. संदर्भाशी विसंगत शब्द आला असता सुमारे ४०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक विशिष्ट विद्युत्-प्रतिसाद उमटतो. कुटास व हिलयार्ड यांनी १९८० मध्ये तो वाचनाच्या प्रयोगांत नोंदवला. श्रवणातही तो आढळतो.

हा अडथळा मात्र कायमचा नसतो. नॉरिस, मॅक्वीन व कटलर यांनी २००३ मधील प्रयोगात डच श्रोत्यांना ‘फ’ व ‘स’ यांच्या मधला संदिग्ध ध्वनी ऐकवला. ज्यांनी तो ‘फ’ने संपणाऱ्या शब्दांत ऐकला, ते पुढे त्याला ‘फ’ मानू लागले; ‘स’च्या शब्दांत ऐकणारे ‘स’. निरर्थक ध्वनिमालिकांत ऐकणाऱ्यांत असा बदल घडला नाही. म्हणजे शब्दज्ञान स्वनिमांच्या सीमा सरकवते. माय, ॲस्लिन व टॅनेनहाउस (२००८) यांनी इंग्रजी स्वर एका ठरावीक दिशेने बदलून सुमारे २० मिनिटांची कथा ऐकवली. त्यानंतर एरवी निरर्थक वाटणारे उच्चार श्रोते शब्द म्हणून अधिक प्रमाणात स्वीकारू लागले.

या सरावाचा आधार नियमितता हा आहे. वऱ्हाडीतील ‘ळ’-‘य’ हा पर्यायही नियमित असल्याने त्यालाही श्रोता सरावू शकेल, असे अनुमान संभवते. मौखिक परीक्षेत विद्यार्थ्याचे बोलणे समजून घेण्यास पडणारे अधिक श्रम म्हणूनच त्याच्या भाषेचा दोष ठरत नाहीत; त्यांत परीक्षकाच्या कानाचा अपरिचयही असतो. डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांच्या बोली-सर्वेक्षणातील ध्वनिमुद्रणे विद्यार्थ्यांइतकीच अध्यापकांनीही ऐकणे त्यामुळे अगत्याचे ठरते.